जुन्या चिनी मातीची पारख: आधी अंग, मग रंग, शिक्का शेवटी

घर रिकामं करायची वेळ येते तेव्हा तांब्या-पितळेची मोडसुद्धा वजन करून विकली जाते. शिसवी कपाटासाठी दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन जातात. चिनी मातीचं सामान मात्र ‘कुणी नेलं तर नेऊ दे’ म्हणून जिन्याखाली खोक्यात जाऊन बसतं. वाडे पाडताना, सोसायट्या पुनर्विकासाला जाताना पुण्या-मुंबईत हे सतत घडतं आहे. त्या खोक्यात शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत घडलेली सरस्वती असू शकते. जिन्याच्या भिंतीवर जपानी टाइल्सची आख्खी पट्टी असू शकते, आणि ती राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये जाते. हे नुकसान भरून येणारं नाही. म्हणून आपल्याच घरातली वस्तू आपल्याला ओळखता यावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

साधारण १८५० ते १९६० या काळातल्या शोभेच्या वस्तूंपुरतं हे मार्गदर्शन आहे: फुलदाण्या, भिंतीवर लावायच्या बशा, चहाचे संच, देवादिकांच्या मूर्ती आणि टाइल्स. लोणच्याच्या दुरंगी बरण्या हा स्वतंत्र विषय आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. वस्तू हातात आली की बहुतेक जण ती उलटी करतात, शिक्का बघतात, फोनवर त्याचा फोटो टाकून शोधतात आणि पडद्यावर दिसलेली किंमत डोक्यात घेऊन बसतात. त्यानंतर डोळ्यांना त्या किमतीला धरून असलेलंच दिसायला लागतं. पारख नेमकी उलट्या क्रमाने करायला हवी. आधी मातीचं अंग पाहा, मग रंग आणि नक्षी, मग बुडाची झीज. शिक्का अगदी शेवटी. शिक्का कुणालाही मारता येतो. कित्येक वर्षांच्या वापराने आलेली झीज मारून आणणं फार अवघड असतं.

आपल्या घरात हे आलं कुठून

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचा माल मुंबई बंदरात झपाट्याने उतरू लागला. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागातल्या निळ्या नक्षीच्या बशा, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटनच्या टाइल्स, जर्मनी आणि बोहेमियातल्या पोर्सेलिनच्या मूर्ती, हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टचे रंगीत नक्षीचे वाडगे. मास्ट्रिख्टला पेट्रस रेगू यांचा कारखाना १८३६ पासून होता. पुढे तो ‘स्फिंक्स’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि मालाच्या तळाशी बसलेल्या स्फिंक्सचं चित्र येऊ लागलं. चोर बाजारात जुने वाडगे चाळताना या चित्रावर नजर ठेवा.

पहिल्या महायुद्धात युरोपचा माल यायचा थांबला आणि ती जागा जपानने घेतली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतल्या शोकेसमधले अंड्याच्या टरफलाइतके पातळ कप बहुतांशी त्यानंतरचे. गोव्याची गोष्ट निराळी. तिथे मकावमार्गे चिनी निळी-पांढरी भांडी पोर्तुगीज जहाजांतून फार आधीपासून येत होती, आणि जुन्या घरांत ती अजून आहेत.

देशी मालही कमी नव्हता. ग्वाल्हेर आणि कलकत्त्याच्या पॉटऱ्या, परशुराम गणपुले यांनी सौराष्ट्रात उभं केलेलं परशुराम पॉटरी वर्क्स, ही नावं तळाशी सापडतात. या सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे सर जे. जे. कलाशाळेतली भांडी. जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात तिथे कुंभारकाम सुरू केलं, आणि सिंधी पद्धतीच्या झिलईवर अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृती येऊ लागल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी एकदा निवांत पाहून या. तसं काही घरात निघालं तर ते धुवायच्याही आधी जाणकाराला दाखवा.

हाताशी काय ठेवायचं

टेबलावर दुमडलेला जाड टॉवेल, चांगल्या उजेडाचा टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, नोटा तपासायला वापरतात तसला अतिनील टॉर्च, मोजपट्टी आणि वही. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. हातमोजे घालू नका; गुळगुळीत झिलईवर कापडी मोजा सटकतो. वस्तू कानाला किंवा तोटीला धरून कधीच उचलू नका. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला.

पहिली पायरी: अंग

चिनी माती असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या जाती आहेत आणि किंमत बरीचशी त्यावर ठरते.

अर्दनवेअर ही कमी आचेवर, साधारण १००० ते ११५० अंशांवर भाजलेली सच्छिद्र माती. टवका उडालेल्या जागी ती खडूसारखी कोरडी दिसते, पाणी शोषते, आणि नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज देते. इंग्रजी निळ्या बशा, मास्ट्रिख्टचे वाडगे, मजोलिका (उठावाच्या रंगीत) टाइल्स बहुतेक याच जातीच्या. स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढे भाजतात. ते जड आणि घट्ट असतं, उजेड आरपार जाऊ देत नाही. पोर्सेलिन १३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर भाजलेलं असतं. तुटलेली कड काचेसारखी चमकते आणि टिचकीला खणखणीत, लांबत जाणारा नाद येतो. बोन चायना ही इंग्रजांची देणगी. जोसाया स्पोड आणि त्यांच्या मुलाने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा जम बसवला. त्यात जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते.

शेवटच्या दोन जातींतला फरक उजेडात कळतो. खोलीत अंधार करा, कपाच्या आत टॉर्च धरा आणि बाहेरून बोटं फिरवा. दोन्हींत बोटांची सावली दिसेल, पण बोन चायनाचा उजेड दुधासारखा, किंचित उबदार असतो. पोर्सेलिनचा थंड, निळसर-करडा. चार-पाच कप शेजारी ठेवून एकदा पाहिलं की नजर बसते. अर्दनवेअरमधून काहीच दिसणार नाही.

नाद ऐकताना वस्तू तळहातावर मोकळी ठेवा, घट्ट धरलेली असेल तर चांगली वस्तूही बद्द वाजते. पोर्सेलिनचा कप मोकळा धरूनही बद्द वाजला तर त्याला कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

झिलईवरच्या बारीक जाळीबद्दल गैरसमज फार आहेत. जाळी म्हणजे जुनेपणाचा पुरावा असं विक्रेते सांगतात. खरं कारण असं: माती आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, शिवाय सच्छिद्र माती ओलावा पिऊन हळूहळू फुगते आणि वरची झिलई ताणाने तडकते. हे पाच वर्षांतही होऊ शकतं. कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच होतं. उलट चांगल्या पोर्सेलिनला दीडशे वर्षांतही जाळी पडत नाही. जाळीच्या रेषा सगळीकडे सारख्याच तपकिरी असतील तर त्या चहाच्या पाण्यात मुरवून आणलेल्या असण्याची शंका घ्या. खरा डाग वापराच्या जागी गडद असतो आणि बाकी ठिकाणी फिका.

दुसरी पायरी: रंग आणि नक्षी

आता भिंग घ्या. नक्षी हाताने रंगवलेली आहे, छापून उतरवलेली आहे की तयार चित्र चिकटवलेलं आहे, हे पाहायचं.

हाताच्या कामात कुंचल्याचा फराटा दिसतो. सुरुवातीला रंग दाट, शेवटाला विरळ. दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. छापाच्या कामात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवत. जोसाया स्पोड यांनी १७८४ च्या सुमारास झिलईखालच्या निळ्या छपाईचं हे तंत्र पक्कं केलं. कागदाचे तुकडे गोल काठावर जोडताना सांधा नीट जुळत नसे, म्हणून बशीच्या कडेची नक्षी बोटाने गोल फिरून तपासा. कुठेतरी पान अर्धं कापलेलं, वेल तुटलेली सापडली तर ते कारागिराच्या हाताचं काम आहे. सांधा सापडणं ही चांगली खूण आहे. चिकटवलेल्या चित्रात, म्हणजे डिकॅलमध्ये, भिंगाखाली छापील मासिकासारखे बारीक सारखे ठिपके दिसतात. ही पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली.

एक फसवणूक नेहमी चालते. बाह्यरेषा छापलेली असते आणि आत हाताने रंग भरलेला असतो, तरी वस्तू ‘हँड पेंटेड’ म्हणून विकली जाते. रंग रेषेबाहेर सांडलेला दिसेल, पण रेषा मात्र प्रत्येक बशीवर अगदी तीच.

मग वस्तू उजेडात तिरपी धरा आणि बोट फिरवा. नक्षी झिलईखाली असेल तर पृष्ठभाग सलग गुळगुळीत लागतो. वर असेल तर रंगाची जाडी बोटाला जाणवते आणि जिथे हात लागत आले तिथे ती झिजलेली असते. सोन्याचंही तसंच. कपाच्या कानावर आणि ओठ टेकतात त्या काठावर सोनं उडालेलं आणि बाकी ठिकाणी शाबूत, अशी झीज खरी. जुनं मधात कालवून लावलेलं सोनं मऊ, मंद दिसतं. नंतरच्या काळातलं सोनं आरशासारखं चकचकतं.

तिसरी पायरी: बूड

वस्तू टॉवेलवर उलटी करा. जमिनीला टेकणारी कड आणि न टेकणारा खोलगट भाग, या दोन्हींची झीज वेगळी असायला हवी. वर्षानुवर्षं फळीवर सरकवलेल्या बशीच्या कडेवर वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या खोलीचे चरे असतात आणि त्यांत धूळ मुरलेली असते. सगळे चरे एकाच दिशेने जाणारे, स्वच्छ आणि कधीच न टेकणाऱ्या भागावरही असतील तर ते सँडपेपरने पाडलेले आहेत.

तीन छोटे खरबरीत ठिपके त्रिकोणात दिसले तर घाबरू नका. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ज्या तिकाट्यांवर ठेवत, त्यांच्या त्या खुणा.

चौथी पायरी: शिक्का

आता शिक्का वाचा. त्यातलं कारखान्याचं नाव नंतर, आधी देशाचं नाव बघा. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव बंधनकारक केलं आणि १८९१ पासून ते अमलात आलं. म्हणून ‘इंग्लंड’ असं लिहिलेली वस्तू सहसा १८९१ नंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. जपानी मालावर १८९१ ते १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’ येत असे, नंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ ही अक्षरं अमेरिकी ताब्याच्या काळातली, म्हणजे १९५२ च्या आधीची. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरची, आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरची.

इथे एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही. हा नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा होता. हिंदुस्थानात आलेल्या मालावर देशाचं नाव नसेल, तर केवळ त्यावरून वस्तू १८९१ च्या आधीची ठरत नाही. नाव असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही.

इंग्रजी मालावर चौकोनी हिऱ्यासारखी खूण असेल तर त्या नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून त्याजागी आरडी नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, येऊ लागला. हा आकडा नक्षी नोंदवल्याचा काळ सांगतो. तीच बशी पुढे तीस वर्षं निघत राहिलेली असू शकते. मिंटनच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: नावाच्या शेवटी ‘एस’ लागून ‘मिंटन्स’ झालं असेल तर वस्तू १८७३ च्या सुमारानंतरची. ‘बोन चायना’ हे शब्द शिक्क्यातच छापलेले असले तर विसावं शतक धरून चाला. जपानच्या नोरिताकेची मूळ कंपनी १९०४ ची. पानांच्या चक्रात ‘एम’ असलेला तिचा शिक्का दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालावर सापडतो, १९५३ पासून त्याजागी ‘एन’ आला.

काही शिक्क्यांवर मात्र विश्वास ठेवूच नका. मायसेन या जर्मन कारखान्याच्या निळ्या एकमेकांवर ठेवलेल्या तलवारी जगभर नकलल्या गेल्या आहेत. चिनी भांड्यांवर कांगशी राजाचं नाव असतं, त्याची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बनलेल्या ढीगभर निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरही ते आहे, कारण जुन्या राजाच्या कारकिर्दीचा शिक्का आदराने घालायची चीनमध्ये रीतच होती.

शिक्का अंगाशी आणि रंगाशी जुळतो का, एवढाच प्रश्न इथे विचारायचा. डिकॅलचे ठिपके असलेली बशी आणि अठराव्या शतकाचा शिक्का, असं दिसलं की वही मिटवा.

टाइल्स: सगळ्यात आधी यांच्याकडे बघा

आपल्या भागात आज सगळ्यात वेगाने नाहीशी होणारी चीज ही. साधारण १९१० ते १९४० या काळात जपानी कारखान्यांनी इंग्रजी व्हिक्टोरियन टाइल्सच्या धर्तीवर रंगीत उठावाच्या टाइल्स बनवल्या आणि जहाजं भरभरून इकडे पाठवल्या. त्यांना आता मजोलिका टाइल्स म्हणतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींचे जिने, व्हरांडे, देवघरांच्या भिंती यांनी मढवलेल्या आहेत. गुजरातच्या हवेल्या आणि तमिळनाडूतलं चेट्टीनाडही.

हातात घेतल्यावर अशी दिसते: बाजू सहा इंच, क्वचित काठपट्टीसाठी तीन बाय सहा. नक्षीची रेघ उभारलेली, बोटाला लागणारी. दोन रेघांच्या मधल्या खळग्यात पारदर्शक रंगीत झिलई साचलेली. खळगा खोल तिथे रंग गडद, उथळ तिथे फिका, त्यामुळे एकाच गुलाबी पाकळीत तीन छटा येतात. हे छपाईने साधत नाही. मागे पांढरट कोरडी माती, तिच्यात उभ्या-आडव्या खाचा, आणि मधोमध उठावात ‘मेड इन जपान’, शिवाय कारखान्याची खूण. सगळ्यात मागणी असते ती देवांच्या टाइल्सना: कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती. राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांवरून जपानी कारागिरांनी केलेल्या या आकृतींचे चेहरे कधी कधी किंचित जपानी वळणाचे होतात, आणि मला तर त्या फार देखण्या वाटतात.

नव्या नकला सपाट छपाईच्या असतात. बोट फिरवलं की कळतं. पाठीवर आजच्या बाथरूमच्या टाइल्ससारखी जाळी असते.

जमिनीवरच्या नक्षीदार फरशीची गल्लत करू नका. मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सने आणि इतरांनी केलेल्या फरश्या सिमेंटच्या आहेत. त्या सुंदर आहेत, जपाव्यातही, पण त्या भट्टीत भाजलेल्या नाहीत आणि त्यांना झिलई नसते. भाऊ दाजी लाड संग्रहालयातली मिंटनची फरशी मात्र खरी भाजलेली.

इमारत पाडायची असेल तर टाइल्सचा विषय करारातच आणा. बिल्डरशी बोलणी चालू असतानाच कोणत्या भिंतीवरच्या टाइल्स कोण काढणार आणि कुणाच्या, हे लेखी घ्या. पाडकाम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही. काढण्याआधी आख्ख्या भिंतीचे समोरून फोटो काढा आणि प्रत्येक टाइलवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलने क्रमांक घाला. मग सांध्यात पटाशी घालून एका कोपऱ्यात परीक्षा घ्या. चुना असेल तर तो भुसभुशीत निघतो आणि टाइल सुटते. सिमेंट असेल तर टाइलला हात लावू नका. मागचा गिलावा कापून टाइल गिलाव्यासकट काढायला लावा, पाठ नंतर सावकाश साफ करता येते. छिन्नी-हातोडीने घाई केली की दहापैकी निम्म्या तरी कोपऱ्यात फुटतात. ओल लागलेल्या भिंतीतल्या टाइल्सवर क्षारांची पांढरी भुकटी फुलते. त्या साध्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या.

विकायच्या असतील तर सलग पट्टी मोडू नका. आठ टाइल्सचं पूर्ण चित्र आणि आठ सुट्या टाइल्स यांच्या किमतीत खूप अंतर असतं.

पोर्सेलिनचे देव

रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याची चित्रं घरोघरी गेली. जर्मनीतल्या कारखान्यांनी, पुढे जपाननेही, त्या चित्रांवरून लक्ष्मी-सरस्वती-कृष्णाच्या मूर्ती केल्या. आतून पोकळ, तळाला भट्टीत हवा जायला छोटं भोक, पाठ बहुधा कमी रंगवलेली. बोटं, वीणेची टोकं, मोराची मान आणि मुकुट या जागा भिंगाने तपासा. दुरुस्ती हटकून तिथेच असते. मूर्ती देवघरात असेल तर तेल-हळदीकुंकवाचा थर असतो. तो चाकूने खरवडू नका. रंग झिलईवरचा आहे, थराबरोबर तोही निघेल. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आणि सबुरी.

दुरुस्ती कशी पकडायची

अंधारात अतिनील टॉर्च फिरवा. नवा रंग आणि चिकटवणी आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळी उजळते. मग पुढच्या दाताच्या कडेने अलगद टोका: झिलई कडक वाजते, रंगवलेलं प्लास्टर मऊ लागतं. गालाला लावून पाहा, भरलेली जागा किंचित कमी थंड असते. मुंबई-पुण्यात दाखवल्या जाणाऱ्या ‘अगदी नव्यासारख्या’ फुलदाण्यांच्या मानेवर ही परीक्षा जरूर करा.

एक जुनी दुरुस्ती मात्र मला मनापासून आवडते. फेव्हिकॉल-अराल्डाइटच्या आधी फुटलेली बशी धातूच्या टाक्यांनी सांधत. हिऱ्याच्या टोकाने चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट खोल भोकं पाडायची, आरपार नाही, आणि त्यांत छोटा आकडा ताणून बसवायचा. तो ताण चीर घट्ट धरून ठेवतो. मागे असे टाके आणि पुढून अखंड नक्षी दिसणारी बशी म्हणजे कुणीतरी ती वस्तू मोडीत काढायला तयार नव्हतं याचा दाखला. बाजारात अशी बशी कमी किमतीला मिळते. टाके काढून नव्याने चिकटवायच्या फंदात पडू नका.

भाव कसा धरायचा

एकाच वस्तूला एका वेळी तीन भाव असतात. दुकानदार आपल्याला देईल तो, दुकानात आपण मोजू तो, आणि लिलावात मिळेल तो. दुकानदाराला जागेचं भाडं आहे आणि वस्तू वर्षभर पडून राहू शकते, म्हणून त्याचा खरेदीभाव विक्रीभावाच्या निम्म्याहून कमी असला तर तो लुटतोच आहे असं नाही. लिलावात आकडा मोठा दिसतो, पण विकणाऱ्याकडून कमिशन आणि घेणाऱ्याकडून वेगळं प्रीमियम कापलं जातं. विम्यासाठी लागते ती पुन्हा विकत घ्यायची किंमत, म्हणजे दुकानातली. मूल्यांकन करून घेताना ते कशासाठी हवं आहे हे आधी सांगा, नाहीतर आकडा निरुपयोगी.

इंटरनेटवर पाहताना मागितलेली किंमत सोडून द्या. मागायला कुणी कितीही मागतं. फक्त विकलं गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, आणि तीच नक्षी, तोच आकार, तीच अवस्था असेल तरच तुलना करा. परदेशातला भाव तसाच्या तसा रुपयांत फिरवू नका. तिकडे विलो नक्षीच्या, म्हणजे चिनी देखाव्याच्या निळ्या छापील, बशा पैशाला पासरी आहेत. इकडे जपानी देवांच्या टाइल्सना असलेली मागणी तिकडे नाही.

वय म्हणजे किंमत नव्हे, हे विकायला येणाऱ्याला पटवणं सगळ्यात अवघड जातं. दीडशे वर्षांची साधी निळी बशी, लाखोंनी निघालेली, चीर असलेली, स्वस्तच राहणार. १९३० ची उत्तम अवस्थेतली चित्रटाइल तिला मागे टाकेल. साधारण मालाला चीर किंवा टवका असला की मी किंमत थेट निम्म्यावर आणते. दुर्मीळ वस्तूला तेवढी कात्री लागत नाही, कारण दुसरी मिळणार नसते.

उदाहरण म्हणून आपल्याकडे नेहमी निघणारा नोरिताकेचा चहाचा संच घ्या. सहा कप, पाच बशा, किटली, दूधदाणी, साखरदाणी. शिक्क्यात पानांच्या चक्रात ‘एम’, म्हणजे युद्धाआधीचा. सोनं दोन कपांच्या कानांवर उडालेलं. आता किटलीचं झाकण उचला: झाकणाचा पांढरा आणि किटलीचा पांढरा एकच आहे का? नक्षीतला हात तोच का? झाकण दुसऱ्या संचाचं असेल तर किटली जवळजवळ शोभेपुरती उरली, आणि संचाची मोठी किंमत किटलीत असते. एक बशी कमी म्हणजे सहाचा संच गेला. तो पाचाचा म्हणून आणि एक सुटा कप म्हणून धरायचा. सोन्याची झीज दोनच कपांवर आहे, म्हणून ते दोन शेवटी मोजायचे. संच किती जुना याच्या आधी तो किती पूर्ण, हे विचारलं जातं.

घराण्याची गोष्ट किंमत वाढवते, पण कागद असेल तरच. जुनं बिल, लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी फुलदाणी, बंदरावरून आलेल्या पेटीवरचं लेबल, हे सगळं वस्तूबरोबर ठेवा. प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून, शिक्क्याचा आणि प्रत्येक दोषाचा असे फोटो काढा, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. दोष लपवलेले फोटो पाहून कुणीही जाणकार आकडा सांगणार नाही.

नजर तयार व्हायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांचा चिनी-जपानी संग्रह आणि हैदराबादचं सालारजंग पाहा. मग चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरा. काही न घेता वस्तू हातात घेऊन पाहू देणारे दुकानदार भेटतात, त्यांच्याशी ओळख ठेवा.

घरात ठेवताना

या वस्तू माळ्यावर कोंडण्यापेक्षा घरात दिसाव्यात असं माझं ठाम मत आहे. बशी भिंतीवर लावायची तर स्प्रिंगची उघडी तार वापरू नका, ती काठाचे टवके उडवते. तारेच्या टोकांना फेल्ट किंवा नळी हवी. दार आपटतं त्या भिंतीवर काहीच नको. जाळी पडलेलं अर्दनवेअर पाण्यात बुडवून ठेवू नका. ब्लीच तर कधीच नाही: ते मातीत मुरतं, आत स्फटिक होतात आणि झिलई आतून ढकलून उडवतात. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये आणि कुठलीच जुनी वस्तू डिशवॉशरमध्ये जाऊ नये. जुन्या झिलईत शिसं असू शकतं. म्हणून लोणचं, आमसुलाचं सार, लिंबू सरबत, दही त्यात ठेवू नका. फुलदाणीत पाणी घालायचं तर आत काचेचा ग्लास बसवा.

परदेशातल्या मुलांनी आजीची किटली मागितली तर बॅग भरण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं आणि त्याहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, स्वतःच्या घरातल्या असल्या तरी. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल आणि तशी दिसत नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर कस्टम्सच्या टेबलापाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ या अक्षरांचा अर्थ समजावत बसण्यापेक्षा हा कागद हातात असलेला बरा.